दारातून न निघालेली ढोली

बारावीनंतर मी संग्रहालयशास्त्राला प्रवेश घेतला, तेव्हा आमच्या आसगावात कोणालाच तो शब्द नीट म्हणता येत नव्हता. मलाही नाही. मला नर्सिंगला जायचं होतं, तिथे नंबर लागला नाही. साकोलीच्या एका कॉलेजात हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम नव्याने सुरू झाला होता आणि त्या खिडकीपुढे रांग नव्हती. फॉर्म भरून घरी आले तर बाबा बैलांना तणस टाकत होते.

"त्याच्यात शिकवतात का पन?" त्यांनी विचारलं.

"जुन्या वस्तू जपायला शिकवतात."

"आपल्या घरी का कमी हायेत जुन्या वस्तू?" एवढंच म्हणून ते धानाच्या बांधीकडे निघून गेले. आई मात्र दारात उभी राहिली. "घेतलं त पुरं करजो," ती म्हणाली. "मधातून वापस नको येऊ." मी हो म्हटलं.

वर्गात आम्ही अकरा जण होतो. विभागप्रमुख मॅडम बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या, बोलायला तुटक आणि शिस्तीला कडक. हातमोजे न घालता कोणी वस्तूला हात लावला, तर का लावला ते वहीत लिहून द्यावं लागे. पहिल्या वर्षी मला वाटायचं, हे शिक्षण म्हणजे नुसतं झाडणं-पुसणं आहे. मऊ ब्रशने दगडाच्या खाचेतली धूळ काढायची, वरून खाली, एकाच दिशेने. वस्तूवर नोंद क्रमांक टाकायचा तोही सहज दिसणार नाही अशा जागी. आधी पारदर्शक लेपाचा एक हात, तो वाळला की शाईने बारीक आकडे, त्यावर पुन्हा लेप, म्हणजे उद्या तो पुसायचा झाला तर मूळ वस्तूला ओरखडा जायला नको. माझं अक्षर बारीक होतं, म्हणून आकडे टाकायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येई.

कॉलेजचं संग्रहालय म्हणजे एक जुनी प्रयोगशाळा होती. एक लांब खोली, भिंतीला काचेची कपाटं, छताला दोन पंखे. दुसऱ्या वर्षी त्या सगळ्या वस्तूंची यादी नव्याने करायचं काम मला आणि करडी गावच्या माझ्या मैत्रिणीला मिळालं. आम्ही दोघी साकोलीत एकाच भाड्याच्या खोलीत राहत होतो. ती कपाटासमोर उभी राहून वस्तू वाचून दाखवायची, मी लिहायचे. तलवार. खंजीर. नाणं, नाणं, नाणं. मूर्तीचा तुटलेला हात. पानदान. पुन्हा तलवार. तीन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती थांबली आणि माझ्याकडे वळली.

"याच्यातली एक तरी वस्तू तुह्या घरी होती का वं?"

"नाही."

"माह्याही नाही." तिने कपाट बंद केलं. "मंग हे कोनाचं संग्रहालय हाय?"

तिने ते सहज विचारलं असेल. माझ्या डोक्यातून मात्र ते गेलं नाही. आमच्या दोघींच्या घरी सात पिढ्या धान पिकतं. तिच्या करडीत तेच, माझ्या आसगावात तेच, साकोलीला येताना बसच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून तेच दिसतं. आणि त्या खोलीत धानाशी नातं सांगणारी एकही वस्तू नव्हती. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक वस्तू मिळवून तिची नोंद, जतन आणि मांडणी करायची असते, तो आमचा प्रकल्प. मी त्याच दिवशी ठरवलं की मी ढोली आणणार.

ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची कणगी. आतून-बाहेरून माती आणि शेण लिंपलेली, माणसापेक्षा उंच. वरून धान भरायचं आणि खाली एक छोटं तोंड असतं, त्यात फडक्याचा बोळा कोंबलेला असतो. लागेल तसा बोळा काढायचा, धान आपोआप बाहेर येतं. मी लहान असताना गावात बऱ्याच घरी ढोल्या होत्या. आता धान मळणीनंतर पोत्यांत भरून खरेदी केंद्रावर जातं, घरी खायपुरतं राहतं ते प्लास्टिकच्या ड्रमात. मी दिवाळीच्या सुट्टीत घरोघर फिरले. कुठे ढोली फोडून चुलीत घातली होती, कुठे तिचा अर्धा भाग कोंबड्या झाकायला ठेवला होता. पुरी ढोली एकाच घरी उरली होती.

ते घर गावाच्या तळ्याकडच्या टोकाला. तिथे एक म्हातारे शेतकरी एकटे राहत, मी त्यांना आबाजी म्हणायचे. मुली लग्न होऊन गेलेल्या, बायको वारलेली. मी काय मागायला आले ते त्यांनी शांतपणे ऐकलं आणि लगेच म्हणाले, "ने ना. माह्या काय कामाची? उंदरं राहतात तिच्यात."

मला इतका आनंद झाला की मी तिथूनच मॅडमना फोन केला. मग टेप काढला. ढोलीची रुंदी सहा फुटांच्या थोडी वर भरली. मधल्या खोलीचं दार पावणेचार फूट. मी पुन्हा मोजलं. आबाजी खाटेवर बसून माझ्याकडे पाहत होते.

"आबाजी, ही आत कशी आणली होती?"

"आनली नाई. आतच विनली." ते हसायला लागले. "माह्या बापानं बुरड बोलावला व्हता. चार दिवस याच खोलीत बसला तो. भिंत मंग उचलली वर. आधी ढोली, मंग घर."

"मग बाहेर कशी काढायची?"

"तेच त मी पाहून राहिलो, तू का करतेस म्हनून."

मॅडमकडे उत्तर होतं. "चार भाग कर," त्या म्हणाल्या. "कापण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो घे, भागांना क्रमांक दे, इथे आणून जोड. पुस्तकात पद्धत दिली आहे." मी ती पद्धत दोनदा वाचली. पुढच्या रविवारी बारीक दात्यांची करवत, क्रमांकाच्या चिठ्ठ्या आणि मैत्रिणीला घेऊन आसगावला गेले. खाली चादर अंथरली. फोटो घेतले. आबाजी बाहेर पडवीत जाऊन बसले, हे मी पाहिलं, पण त्याचा विचार केला नाही.

करवत चार बोटं आत गेली असेल. मातीचा एक मोठा पोपडा सुटून खाली पडला आणि फुटला. त्यामागून दुसरा. बांबूच्या कामट्या इतक्या वाळलेल्या होत्या की करवत लागली तिथे त्या कापल्या जात नव्हत्या, मोडत होत्या. विणीच्या फटीतून जुन्या धानाचे दाणे घरंगळले, काळे पडलेले. मैत्रिणीने माझा हात धरला.

"थांब. चार भाग नाही होनार हे. टोपलीभर चुरा होईल."

मी थांबले. करवत हातात तशीच होती. माझ्या हातून त्या घरातल्या वस्तूचं नुकसान झालं होतं आणि ते मला भरून देता येणार नव्हतं. पडवीत गेले आणि आबाजींना म्हटलं, "मी कापत नाही. चुकलं माझं."

त्यांनी मान वर केली नाही. "बरं झालं," ते म्हणाले. "मी नाई म्हनलं नसतं. पन बरं झालं." त्या दिवशी आम्ही दोघींनी माती कालवून तो कापलेला भाग लिंपून दिला. आबाजींनी तळ्यातून गाळ आणून दिला. मग त्यांनीच चहा केला.

सोमवारी मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिले. त्यांना माझा निर्णय आवडला नाही. "मग तुझा प्रकल्प काय? फोटोंचा अल्बम?"

"नाही मॅडम. मी ढोली इथे विणवून घेते. संग्रहालयाच्या खोलीत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "संग्रहालयात वस्तू येते. तिथे बनत नाही."

"ढोली कुठूनच येत नाही, मॅडम. ती जिथे ठेवायची तिथेच बनते. मी दुसरीकडे बनवून आणली, तर ती ढोली राहणारच नाही, मोठी टोपली होईल."

हे मी आधी ठरवून बोलले नव्हते. बोलता बोलता मलाच ते पटलं. मॅडमनी पेन पुन्हा उचललं. मग त्यांनी अडचणी मोजायला सुरुवात केली. ओली माती आली म्हणजे ओलावा आला. खोलीत जुनी कागदपत्रं आहेत, कापडाच्या दोन वस्तू आहेत, लोखंड आहे. ओल्या बांबूतून कीड येईल. एकेक अडचण त्या सांगत गेल्या आणि मी वहीत लिहून घेत गेले. आठ झाल्या. "या आठांची उत्तरं लेखी आण," त्या म्हणाल्या. "मग पाहू."

मी बारा दिवस त्या उत्तरांच्या मागे होते. कागद आणि कापड कुठे हलवायचं, त्याची यादी. तलवारींना कोणता लेप. बांबू आणण्याआधी तो किती दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा म्हणजे कीड लागत नाही, हे वनविभागातल्या एका कर्मचाऱ्याने सांगितलं. सातव्या अडचणीचं माझं उत्तर मॅडमनी तीनदा परत केलं. चौथ्यांदा त्यांनी सही केली. आठवी अडचण होती, विणणार कोण?

साकोलीत बसस्थानकाच्या मागे एक मावशी सुपं आणि टोपल्या विकायला बसायच्या. साठीच्या असतील. अंगठ्याच्या टोकाला कायमचा घट्टा. मी ढोलीचं नाव काढलं तर त्यांनी सूप पुढे केलं. "हे घे. ढोली कोन घेते आता?"

"मला ढोलीच पाहिजे, मावशी."

"मले येत नाई. माहा नवरा विने ढोल्या. मी नुसत्या कामट्या सोलून देओ. तो गेला, काम गेलं."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्यांनी मला बघून हातातलं टोपलं बाजूला ठेवलं. "काहून मागं लागली वं माह्या? दुसरं कोनी नाई भेटलं?"

"नाही भेटलं. खरंच नाही."

"अन् मले जमलं नाई त?"

"मग आपण दोघी नापास."

त्या हसल्या, पण हो म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "जुनी कुठं असन त आधी मले दाखव. मी हात लावून पाहीन."

तशी मी त्यांना आसगावला नेलं. दोन बस बदलून. बसमध्ये त्या खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या. आबाजींच्या मधल्या खोलीत गेल्यावर त्यांनी ढोलीला चारी बाजूंनी फेरी मारली. जिथे लिंपण उडालं होतं तिथे बोटं घातली. मग खाली बसून धान काढायच्या तोंडातून हात कोपरापर्यंत आत घातला आणि डोळे मिटून बुडाची वीण चाचपली. मी त्या ढोलीचे साठ फोटो काढले होते, मापं घेतली होती, दोन पानांचं वर्णन लिहिलं होतं.

मावशी हात बाहेर काढून म्हणाल्या, "हे डाव्या हाताच्या मानसाचं काम व्हय."

आबाजी खाटेवरून उठलेच. "तुले कसं समजलं?"

"कामटी उलटी फिरली हाय. उजव्या हातानं अशी जातच नाई."

"डावखुराच व्हता तो बुरड," आबाजी म्हणाले. "माही माय त्याले जेवाले वाढे तवा त्याचा हात पाहून चिडे."

मी वही काढून हे लिहून घेतलं. साठ फोटोंमध्ये ते कुठेही दिसलं नव्हतं. खरं म्हणजे दिसत होतं, मला पाहता येत नव्हतं. परतीच्या बसमध्ये मावशी आपण होऊन बोलल्या. "बूड जमलं त बाकी जमते. बांबू हिरवा आनजो. अन् कामट्या सोलाले चार पोरी देजो मले."

पौष संपता संपता आम्ही कामाला बसलो. खोलीतल्या कागदाच्या आणि कापडाच्या वस्तू ग्रंथालयात हलवल्या, प्रत्येक वस्तूची नेताना सही, ठेवताना सही. मधली जागा मोकळी केली. मावशी पहिल्या दिवशी दाराशीच थांबल्या, चप्पल काढून आत आल्या आणि काचेतल्या तलवारींकडे पाहून म्हणाल्या, "येवढी हत्यारं कायले जमा केली?" मॅडम तिथेच उभ्या होत्या.

कामट्या सोलणं सोपं वाटत होतं. बांबू उभा चिरायचा, त्याच्या पट्ट्या करायच्या, मग कोयत्याने आतला गाभा काढून त्या सारख्या जाडीच्या करायच्या. पहिल्या दिवशी माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांना कापलं. मैत्रिणीचा तळहात सोलला. वर्गातल्या आणखी दोघी आल्या, एक दुसऱ्या दिवशी आलीच नाही. मावशी आमच्या कामट्या हातात घेऊन वाकवून पाहायच्या आणि अर्ध्या बाजूला फेकायच्या. "जाड. ही मोडते. ही बी जाड. ही कोनी केली?" ती मी केलेली असायची.

तिसऱ्या दिवशी ढोली माझ्या कमरेइतकी आली आणि एका बाजूला कलली. मावशींनी मागे सरकून पाहिलं. मी म्हटलं, "थोडीशीच आहे. वरून दाबली तर सरळ होईल."

"होत नाई. बुडात चूक हाय." आणि त्यांनी कोयता घेतला.

"मावशी, तीन दिवसांचं काम आहे!"

"धान भरलं त हे कलंडते. चार पोरं खाली सापडतीन."

"यात धान भरायचंच नाही. ही दाखवायला आहे."

"धान भरता येत नाई ते ढोली कशी?" त्या म्हणाल्या. त्यांनी सगळी वीण बुडापर्यंत उकलली. मी त्यांच्या शेजारी बसून उकलायला लागले. माझे डोळे भरून आले होते. परीक्षा जवळ आली होती, बाहेरून परीक्षक येणार होते, आणि आम्ही पुन्हा शून्यावर होतो. पण त्यांचं खरं होतं. मी हेच मॅडमना सांगून परवानगी घेतली होती आणि तीनच दिवसांत विसरले होते.

दुसऱ्यांदा त्यांनी बुडाला एक दिवस पुरा घेतला. कोणाला हात लावू दिला नाही. नवरा कसा बसायचा, कोणता पाय कामटीवर ठेवायचा, ते त्या आठवून आठवून करत होत्या. मध्येच थांबायच्या, हवेत हात फिरवून पाहायच्या आणि मग कामटी घालायच्या. संध्याकाळी म्हणाल्या, "आता उभी राहीन." आणि ती राहिली. या खेपेच्या पाचव्या दिवशी त्यांना ढोलीच्या आत उतरून विणावं लागलं, कारण बाहेरून हात पुरेना. आतून त्यांचा आवाज येई, "दे कामटी. दुसरी दे." आम्ही वरून द्यायचो. शेवटचा काठ बांधून झाल्यावर त्यांना बाहेर काढायला स्टूल आतमध्ये सोडावं लागलं. बाहेर आल्यावर त्या जमिनीवर बसल्या आणि पाणी मागितलं.

लिंपणाला आबाजींनी आसगावच्या तळ्याचा गाळ दोन पोत्यांत भरून बसने पाठवला. त्यात शेण आणि बारीक कापलेलं तणस. पहिला हात वाळताना फुटला, कारण आम्ही पंखे लावले होते. मावशी दुसऱ्या दिवशी येऊन रागावल्या. "मातीले घाई चालत नाई." पंखे बंद केले, तर आठवड्याने आतल्या बाजूला पांढरी बुरशी धरली. आता रागवायची पाळी मॅडमची होती. मी रोज सकाळी सात वाजता खोली उघडायचे, ओलाव्याचं यंत्र पाहायचे, आकडा लिहायचे, ब्रशने बुरशी काढायचे, खिडक्या एक तास उघड्या ठेवायचे, पुन्हा आकडा लिहायचे. एकवीस दिवस. मैत्रीण म्हणायची, "तू बाळंतिणीची खोली सांभाळून राहिली का?" बाविसाव्या दिवशी यंत्रातला आकडा बाकी खोलीइतका झाला आणि त्यानंतर वर गेला नाही.

मग नोंदवही भरायची होती. वस्तूचं नाव, साहित्य, माप, मिळाल्याचं ठिकाण. त्यात एक रकाना असतो, निर्माता. मी वही मागे चाळली. आम्हीच नव्याने केलेली यादी. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द माझ्याच बारीक अक्षरात लिहिलेला होता, अज्ञात. मी बसस्थानकामागे गेले आणि मावशींना त्यांचं पूर्ण नाव विचारलं.

"कायले पाहिजे?"

"वहीत लिहायचं आहे. ढोली कोणी केली ते."

त्यांनी नाव सांगितलं. मी लिहिलं. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "हे सासरचं हाय. लग्नात बदललं. माहेरचं लिहतेस का? त्या नावानं मले आता कोनी हाक मारत नाई." मी पहिलं नाव एका रेघेने खोडलं, शेजारी सही केली, नियम तसा आहे, आणि दुसरं लिहिलं. ते नाव इथे देत नाही. नोंदवहीत आहे.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. वयाने मोठे, हळू बोलणारे. त्यांनी ढोलीभोवती फिरून पाहिलं, खाली वाकून तोंडातून आत पाहिलं.

"वस्तूचं वय काय?"

"चौतीस दिवस, सर."

खोलीत कोणीतरी हसलं. परीक्षक हसले नाहीत. "मग ही प्रतिकृती आहे. प्रतिकृतीची नोंद वेगळ्या वहीत होते. तू मूळ वस्तूंच्या वहीत केली आहेस. ही चूक आहे."

मी म्हटलं, "सर, ही कशाचीच नक्कल नाही. आसगावची ढोली डावखुऱ्या माणसाने केलेली आहे. तिची वीण उलटी फिरते. ही उजवी आहे. बूड वेगळं आहे, उंचीही वेगळी आहे. ही नवी ढोली आहे. धान भरता येतं." मग मी आसगावच्या ढोलीचं नोंदीचं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. ती जिथे आहे तिथेच तिची नोंद केली होती, मापं, फोटो, करवतीचा माझा काप, त्याची दुरुस्ती, सगळं.

"काप का लिहिलास? कोणाला कळलं नसतं."

"मला कळलं असतं, सर."

त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "वहीच्या बाबतीत माझं मत सुरुवातीला तुमच्यासारखंच होतं. आता विद्यार्थिनीसारखं आहे." दोघांची त्यावर अर्धा तास चर्चा झाली. मी दाराशी उभी होते. शेवटी परीक्षकांनी गुण कापले. नोंदीचे गुण मला अर्धेच मिळाले आणि वर्गात मी चौथी आले. नोंद मात्र मॅडमनी बदलली नाही. ती आजही मूळ वस्तूंच्या वहीत आहे.

निकाल लागल्यावर बाबा एकदा साकोलीला आले. मी त्यांना खोलीत नेलं. त्यांनी टोपी काढली, ढोलीवर बोटाच्या पेराने टकटक वाजवून पाहिलं, कानाने लिंपणाची जाडी ओळखावी तसं. "किती खंडी बसते?" त्यांनी विचारलं. मी अंदाज सांगितला. "जास्त बसन," ते म्हणाले, आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

आता मी त्याच विभागात तात्पुरत्या जागेवर काम करते. दर वर्षी नेमणूक नव्याने होते, दर वर्षी अर्ज करावा लागतो, मी करते. मावशींकडे मागच्या दोन वर्षांत तिघी जणी विणकाम शिकायला बसल्या, त्यातली एक टिकली. सध्या मी करडीच्या तळ्यावर जात असते. तिथे बांधीला पाणी सोडायचं जुनं तोंड आहे, त्याला तिकडे तुडुम म्हणतात, आणि ते बंद करायचा लाकडी दांडा अजून मूळचा आहे. पाणी सोडणारे काका तो द्यायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं साधं आहे. "पानी सोडाले मले रोज लागते. तुले द्यून मी का हातानं सोडू?"

मी वाद घातला नाही. दांड्याचं माप घेतलं, तो कोणी घडवला ते विचारलं. त्यांना सुताराचं नाव आठवेना. त्यांच्या मोठ्या भावाला माहीत असेल, तो साकोलीला मुलाकडे असतो. पत्ता घेतला आहे. सोमवारी जाणार आहे.